तोतया संख्या आणि शाळकरी संशोधक

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला तेव्हा बाहेरच्या खुणांवर पुष्कळ माणसे फसली. संख्यांच्या जगातही असे तोतये आहेत. कोणतीही मूळ संख्या घ्या, समजा ७. आता दुसरी कोणतीही पूर्ण संख्या घ्या, समजा २. दोनचा सातवा घात १२८ होतो, त्यातून मूळचे २ वजा केले की १२६ उरतात, आणि १२६ ला ७ ने पूर्ण भाग जातो. सातच्या जागी कोणतीही मूळ संख्या आणि दोनच्या जागी कोणतीही पूर्ण संख्या घेतली तरी हेच घडते. पिएर द फर्माने १६४० साली एका पत्रात हे सांगितले. म्हणजे एखादी मोठी संख्या मूळ आहे की नाही हे ओळखण्याची ही चांगली खूण झाली. पण खूण पटली म्हणून माणूस तोच, असे थोडेच असते? ३४१ ही ११ आणि ३१ यांच्या गुणाकाराने झालेली संयुक्त संख्या दोनच्या परीक्षेत पास होते, तीनच्या परीक्षेत मात्र उघडी पडते. ५६१ कुठेच उघडी पडत नाही. ती ३, ११ आणि १७ यांचा गुणाकार आहे, तरी कोणतीही पूर्ण संख्या घेऊन तपासले तरी ती मूळ संख्येसारखीच वागते. अमेरिकन गणितज्ञ रॉबर्ट कारमायकेल याने १९१० मध्ये ही संख्या दाखवली आणि अशा संख्यांना त्याचे नाव मिळाले. त्या फार विरळ आहेत. दहा लाखांच्या आत ७८,४९८ मूळ संख्या आहेत, कारमायकेल संख्या फक्त ४३. क्रमाने त्यांतली तिसरी आहे १७२९, म्हणजे रामानुजन आणि हार्डी यांच्या टॅक्सीच्या गोष्टीतून आपल्या ओळखीची झालेली संख्या.

या तोतयांची अंतर्गत रचना कोर्सेल्ट या जर्मन गणितज्ञाने १८९९ मध्येच सांगून ठेवली होती. संयुक्त संख्येचे मूळ अवयव एकमेकांपासून वेगळे हवेत, आणि प्रत्येक अवयवातून एक वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येने, मूळच्या संख्येतून एक वजा करून उरणाऱ्या संख्येला पूर्ण भाग गेला पाहिजे. १७२९ चे अवयव ७, १३, १९. त्यांतून एक एक वजा केला की ६, १२, १८ मिळतात, आणि १७२८ ला या तिघांनीही पूर्ण भाग जातो. सातवी-आठवीतल्या मुलाला कागदावर करून पाहता येईल इतके हे सोपे आहे. तरी अशा संख्या अनंत आहेत का, या प्रश्नाला उत्तर मिळायला १९९४ साल उजाडले. रेड अल्फर्ड, अँड्र्यू ग्रॅनव्हिल आणि कार्ल पॉमरन्स या तिघांनी त्या अनंत असल्याची सिद्धता ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये प्रसिद्ध केली. त्याच निबंधात त्यांनी पुढचा प्रश्नही लिहून ठेवला. मूळ संख्यांविषयी बर्ट्रांडने १८४५ मध्ये अटकळ बांधली होती की एकाहून मोठी कोणतीही संख्या आणि तिची दुप्पट यांच्या दरम्यान एक तरी मूळ संख्या असतेच. चेबिशेवने ती लवकरच सिद्ध केली. तोतयांविषयी असेच म्हणता येईल का? अनंत असणे वेगळे आणि ठरावीक अंतराच्या आत नक्की भेटणे वेगळे. हा प्रश्न छापील स्वरूपात, कुणालाही वाचता येईल असा, सत्तावीस वर्षे पडून होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचे उत्तर आले. लेखकाचे नाव डॅनियल लार्सन, वय १७, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टनच्या शाळेत शेवटच्या वर्षाला. त्याने दुपटीपर्यंतही जाऊ दिले नाही. संख्या पुरेशी मोठी असली तर तिच्यापासून त्याहून कितीतरी कमी अंतरात कारमायकेल संख्या सापडतात, आणि एखादी नव्हे तर पुष्कळ सापडतात, असे त्याने सिद्ध केले.

अशी बातमी वाचली की आपल्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘देवदत्त’. मुलगा विलक्षण बुद्धीचा, जन्मतःच तसा, पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. या प्रकरणात मला याच्या उलट बाजू मांडायची आहे. लार्सनची बुद्धी असामान्य आहे याबद्दल वाद नाही. पण शाळकरी वयात संशोधन का घडले, याचे उत्तर केवळ डोक्यात शोधले तर ते अर्धवट राहते. उरलेले उत्तर त्या डोक्यापर्यंत पोहोचलेल्या प्रश्नात, उघड्या असलेल्या वाङ्मयात आणि सिद्धता वाचून उत्तर देणाऱ्या माणसांत आहे. बुद्धी निर्माण करणे कुणाच्या हाती नाही. या तीन गोष्टी मात्र समाजाच्या हाती असतात.

लार्सनच्या सिद्धतेची वंशावळ पाहिली तर वयाचा मुद्दा किती गौण आहे ते लगेच दिसते. शाळेच्या मधल्या इयत्तांत असताना त्याने यितांग झांग या गणितज्ञावरचा माहितीपट पाहिला. झांगने २०१३ मध्ये जोडमूळ संख्यांच्या, म्हणजे ज्यांच्यात दोनचेच अंतर आहे अशा मूळ संख्यांच्या, प्रश्नावर मोठी मजल मारली होती. ज्यांच्यातले अंतर ७ कोटींहून कमी आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत, हे त्याने सिद्ध केले. तेव्हा त्याचे वय पंचावन्नच्या पुढे होते. चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्याला शेतावर राबावे लागले, हायस्कूलचे तोंडही पाहता आले नाही. डॉक्टरेट मिळाल्यावरही त्याने काही काळ सँडविचच्या दुकानात काम केले. त्याच वर्षाच्या अखेरीस विशीच्या मध्यात असलेला जेम्स मेनार्ड आणि चाळिशीकडे झुकलेला टेरेन्स ताओ यांनी स्वतंत्रपणे एक वेगळी, अधिक लवचीक पद्धत शोधली. मेनार्ड तेव्हा माँट्रियलला होता, तिथेच ग्रॅनव्हिल प्राध्यापक. लार्सनने ही सगळी मांडणी समजून घेतली, जोडमूळ संख्यांच्या प्रश्नावर स्वतः डोके आपटले, काही हाती लागले नाही, आणि मग तीच हत्यारे घेऊन तो कारमायकेल संख्यांकडे वळला. ज्याला हायस्कूल मिळाले नाही त्याने वाट फोडली आणि जो हायस्कूलमध्ये होता तो तिच्यावरून पुढे गेला. या ओळीत वयाची कुठलीच रचना सापडत नाही. सापडते ती एकाने लिहिलेले दुसऱ्याला वाचायला मिळण्याची साखळी.

त्या साखळीची दुसरी बाजू तोतये घडवण्याच्या कृतीची आहे, आणि ती इतकी सुंदर आहे की इथे थोडे थांबायला हवे. पुष्कळ विभाजक असलेली एखादी संख्या घ्या, समजा ३६. आता अशा मूळ संख्या गोळा करा की त्यांतून एक वजा केल्यावर जे उरते त्याने ३६ ला पूर्ण भाग जातो, आणि ज्यांचा ३६ शी १ खेरीज दुसरा काही सामाईक अवयव नाही. ५, ७, १३, १९ आणि ३७ एवढ्या मिळतात. यांतल्या काहींचा गुणाकार असा निघाला की त्याला ३६ ने भागल्यावर बाकी १ उरते, तर तो गुणाकार आपोआप कारमायकेल संख्या होतो. ७, १३ आणि १९ घ्या, १७२९ येतात, ३६ ने भागले की बाकी १. ही कल्पना पाल एर्डोशने १९५६ मध्ये सुचवली होती. छत्तीसच्या जागी प्रचंड संख्या घेतली आणि मूळ संख्या भरपूर जमल्या, तर एकच नव्हे, असंख्य गुणाकार निघतात. अल्फर्डने संगणकावर खटपट करून अशी एक टोपली भरली की तिच्यातून निदान दोनच्या १२८व्या घाताइतक्या (त्यातून एक वजा) कारमायकेल संख्या निघत होत्या. त्या प्रयोगाने अनंताची सिद्धता आवाक्यात असल्याचा भरवसा दिला. अडचण एवढीच होती की या रीतीने घडलेली संख्या नेमकी कुठे पडेल यावर ताबा राहत नव्हता. लार्सनने मेनार्ड आणि ताओ यांच्या पद्धतीला हवे ते वळण देऊन टोपलीत कोणत्या मूळ संख्या येतील यावर अधिक नेमका ताबा मिळवला आणि गुणाकार हव्या त्या टापूत पडेल अशी व्यवस्था केली. दोन्ही धागे आधीपासून तयार होते. ते एकमेकांत ओवण्याचे काम त्याचे, आणि ते अतिशय अवघड काम होते. पण धागेच नसते तर ओवायचे काय?

याचे उलटे उदाहरण आपल्याच देशात आहे, आणि ते मनाला चटका लावते. कुंभकोणमच्या शाळेत शिकणाऱ्या रामानुजनच्या हाती सोळाव्या वर्षाच्या सुमारास कार नावाच्या शिक्षकाने परीक्षार्थींसाठी केलेला सूत्रांचा जाडजूड संग्रह आला. त्यात प्रमेये होती, सिद्धता बहुतेक नव्हत्याच, आणि त्या काळातले चालू गणित तर अजिबात नव्हते. या एका पुस्तकावर रामानुजनने स्वतःचे गणित उभे केले. १९१३ च्या जानेवारीत हार्डीला पत्र गेले तेव्हा त्यातले काही निष्कर्ष थक्क करणारे होते, काही युरोपात फार पूर्वीच सिद्ध झालेले होते, आणि मूळ संख्या मोजण्याचे जे सूत्र अचूक असल्याचा त्याचा दावा होता ते चुकीचे होते. चुकण्याचे कारण बुद्धी कमी पडणे हे नव्हते. १८५९ मध्ये रीमानने मांडलेल्या ज्या कल्पनेवाचून हा हिशेब जुळत नाही, ती रामानुजनपर्यंत पोहोचलीच नव्हती. रामानुजन आणि लार्सन दोघेही मूळ संख्यांच्याच प्रांतात फिरत होते. लार्सन रामानुजनपेक्षा बुद्धिमान होता असे कुणीही म्हणणार नाही. तरी शाळकरी वयात एकाच्या हाती जगाला नवा असलेला निष्कर्ष लागला आणि दुसऱ्याची कित्येक वर्षे जुने पुन्हा शोधण्यात गेली. हा फरक डोक्यांचा नाही, कपाटातल्या पुस्तकांचा आहे. आपल्याकडच्या काही जाणत्यांना हे तेव्हाही कळले होते. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गणित परिषदेचे मुख्य काम परदेशी नियतकालिके मागवून सभासदांना वाचायला मिळवून देणे हेच होते, आणि तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होते. रामानुजनचे पहिले निबंध याच परिषदेच्या नियतकालिकात छापले गेले, आणि बर्ट्रांडच्या अटकळीची त्याची छोटीशी देखणी सिद्धताही १९१९ मध्ये तिथेच आली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की लार्सनचे आई-वडील दोघेही इंडियाना विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक आहेत आणि मामा एलॉन लिंडेनश्ट्राउस यांना २०१० मध्ये फील्ड्स पदक मिळाले आहे. मग यात बाकीच्यांनी घेण्यासारखे काय? आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्या मुद्द्याला छेद न देता त्याला बळच देतो. ज्या घरात जेवताना गणिताच्या गप्पा होतात तिथल्या मुलाला कोणता निबंध वाचावा, कोणता प्रश्न अजून उघडा आहे, अडल्यावर कुणाला विचारावे हे आपोआप कळते. प्रश्न एवढाच उरतो की घरातून जे मिळते ते घराबाहेरून मिळू शकते का. मिळते, याचे पुरावे आहेत. हंगेरीत १८९४ पासून शाळकरी मुलांसाठी गणिताचे नियतकालिक निघते. त्यात अवघड प्रश्न छापतात, मुले उत्तरे पाठवतात, उत्तम उत्तरे नावानिशी प्रसिद्ध होतात. एर्डोश त्या वाचकवर्गात वाढला, आणि १९३२ मध्ये, विशी उलटण्याच्या आत, त्याने बर्ट्रांडच्या अटकळीची नवी प्राथमिक सिद्धता दिली. त्याचे आई-वडील गणिताचे शिक्षक होते हे खरे, पण ते नियतकालिक देशभरातल्या मुलांचे होते. अलीकडचे उदाहरण हॅना कैरोचे. बहामा बेटांवर घरीच शिकलेली ही मुलगी शाळकरी वयात बर्कलेच्या विद्यापीठात एका वर्गात बसू लागली. प्राध्यापक रुईशियांग झांग यांनी गृहपाठात मिझोहाता आणि ताकेउची यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अटकळीचे एक सोपे रूप दिले होते. ती त्यावरच थांबली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये, १७ वर्षांची असताना, तिने मूळ अटकळच खोटी ठरवणारे उदाहरण प्रसिद्ध केले. चाळीसएक वर्षे जी खरी असावी असे अनेकांना वाटत होते ती कोसळली. तिथे कामाला आले ते बाहेरच्या मुलीला बसू देणारा एक वर्ग आणि खरा प्रश्न गृहपाठात ठेवण्याचे धाडस करणारा एक शिक्षक.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा असतो आणि तो कळकळीचा असतो. आधी पाया पक्का करा, अभ्यासक्रम पूर्ण करा, ऑलिंपियाड द्या, संशोधन नंतर. मला ऑलिंपियाडबद्दल आदर आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने या स्पर्धांच्या निमित्ताने देशभरातल्या मुलांसाठी जे उभे केले ते मोलाचे आहे, आणि ताओने तेराव्या वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवले होते हेही विसरता येत नाही. पण दोन कामांची जात वेगळी आहे. ऑलिंपियाडमध्ये दिवसाला साडेचार तास आणि तीन प्रश्न. उत्तर अस्तित्वात आहे आणि ते शालेय गणितातूनच निघते, एवढे आधीच ठाऊक असते. संशोधनात उत्तर आहे की नाही हेच ठाऊक नसते, आणि महिनोन्महिने चुकीच्या वाटेवर राहण्याची तयारी लागते. शंभर मीटर उत्तम धावणारा दिंडीबरोबर आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालेलच असे नाही, आणि चालणारा शंभर मीटर जिंकेलच असेही नाही. पायाबद्दल म्हणायचे तर गणितात सीमेपर्यंत जाणारी वाट अरुंद असू शकते. डॉक्टरला सारे शरीर शिकल्याशिवाय शस्त्रक्रिया करता येत नाही. संख्या-सिद्धांताच्या एका प्रश्नापर्यंत जायला मात्र सारे गणित लागत नाही, त्या प्रश्नाकडे जाणारी शिडी पुरते, पण तिची एकही पायरी गाळता येत नाही. लार्सनला मेनार्डची पद्धत वरवर कळून चालले नसते. ती मोडून पुन्हा जुळवता आली म्हणूनच तिला नवे वळण देता आले. प्रश्न समोर असला की पाया भरला जातो, कारण प्रत्येक विटेची गरज त्या मुलाला स्वतःला जाणवते.

तिसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. अमेरिकेत नामवंत विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून शाळकरी ‘संशोधना’चा बाजार झाला आहे, पालक पैसे मोजतात आणि मुलाचे नाव निबंधावर येते. ही विकृती आहे आणि आपल्याकडे ती यायला वेळ लागणार नाही. पण खरे आणि खोटे ओळखण्याची कसोटी गणितात इतर विषयांपेक्षा सोपी आहे, कारण सिद्धता लेखकाचे वय विचारत नाही. ती बरोबर असते किंवा नसते. एमआयटीमध्ये २०११ पासून शाळकरी मुलांसाठी विनामूल्य चालणारा वर्षभराचा उपक्रम याच कसोटीवर उभा आहे. मुलाला खुला प्रश्न मिळतो, बरोबर एक तरुण संशोधक मार्गदर्शक असतो, आणि शेवटी जे निघेल ते वाचणाऱ्यांसमोर येते. चूक निघाली तरी प्रामाणिक चुकीला किंमत असते. आयर्लंडच्या सारा फ्लॅनरीने सोळाव्या वर्षी गुप्तलेखनाची एक जलद पद्धत मांडून १९९९ मध्ये तिथल्या तरुण वैज्ञानिकांच्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. जगभर बातम्या झाल्या. नंतर ती पद्धत सुरक्षित नसल्याचे आढळले, तेव्हा साराने ती भेदण्याचे तंत्रही आपल्या लेखनात स्वतःच जोडले. ज्या मुलीला इतक्या लहान वयात आपलीच मांडणी मोडणारा युक्तिवाद स्वच्छ लिहिता आला तिचे काम वाया गेले असे मी म्हणणार नाही.

आज रामानुजनच्या वेळची अडचण बरीच दूर झाली आहे. गणिताचे ताजे निबंध १९९१ मध्ये सुरू झालेल्या आर्काइव्ह या इंटरनेटवरच्या भांडारात विनामूल्य ठेवले जातात. लार्सन आणि कैरो यांचे निबंध तिथेच प्रथम आले, आणि ते सांगलीतल्या किंवा म्हापशातल्या मुलीला बर्कलेतल्या प्राध्यापकाइतकेच सहज उघडता येतात. वाङ्मयाचे दार उघडले, पण प्रश्न मुलांपर्यंत पोहोचवण्याचे आणि त्यांचे उत्तर वाचण्याचे काम यंत्राने होत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकात जोडमूळ संख्यांची व्याख्या येते, ३ आणि ५, ५ आणि ७, ११ आणि १३ अशी उदाहरणे येतात, आणि पुढचा धडा सुरू होतो. अशा जोड्या अनंत आहेत की नाहीत हे आजही कुणाला सिद्ध करता आलेले नाही, ही ओळ तिथे असायला हवी. ती नसल्यामुळे मुलाची समजूत अशी होते की गणित पूर्ण झालेले आहे आणि आपले काम ते उतरवून घेण्याचे आहे.

तोतयांच्या कहाणीतही असा एक प्रश्न उरला आहे. दहा हजारांच्या आतल्या सातही कारमायकेल संख्यांना बरोबर तीन मूळ अवयव आहेत. चार अवयवांची पहिली थेट ४१,०४१ ला भेटते. तीनच अवयव असलेल्या कारमायकेल संख्या अनंत आहेत का, हे ग्रॅनव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिद्धतेने ठरले नाही आणि लार्सनच्याही नाही. जॅक चर्निक याने १९३९ मध्ये त्या शोधण्याची एक सोपी रीत दिली. कोणतीही पूर्ण संख्या घ्या, तिची सहापट, बारापट आणि अठरापट काढा, आणि प्रत्येकीत एक मिळवा. तिन्ही उत्तरे मूळ निघाली तर त्यांचा गुणाकार कारमायकेल संख्या असतो. १ घेतला की ७, १३, १९, म्हणजे १७२९. २, ३, ४ आणि ५ घेतल्यावर काही जमत नाही. ६ घेतला की ३७, ७३ आणि १०९ येतात, तिन्ही मूळ, आणि त्यांचा गुणाकार २,९४,४०९. ही रीत अनंत वेळा यशस्वी होते का, हे अजून कुणीही सिद्ध केलेले नाही.